दोन मिनिटांपासून महापद्मापर्यंत

जून १९९३ मध्ये अख्ख्या जगात १३० वेबसाइट होत्या. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये शिकणाऱ्या मॅथ्यू ग्रेने त्या मोजायला एक प्रोग्राम लिहिला होता आणि त्याचं नाव ठेवलं होतं ‘वाँडरर’, म्हणजे भटक्या. सेकंदाला एक या वेगाने मोजायला बसलं तर ही मोजणी दोन मिनिटं दहा सेकंदांत आटोपते. यवतमाळ जिल्ह्यातल्या महागावच्या स्टँडवर पुसदच्या एसटीची वाट बघत कोणी मोजायला घेतलं असतं, तर गाडी यायच्या आधीच काम संपलं असतं.

हाच हिशेब पुढे चालवू. डिसेंबर १९९३ : ६२३ साइट, दहा मिनिटं तेवीस सेकंद. जून १९९४ : २,७३८, पाऊण तास. त्याच वर्षीच्या डिसेंबरात १०,०२२, पावणेतीन तास. जानेवारी १९९६ मध्ये एक लाख. आता रात्र जागवावी लागणार, कारण हे २७ तास ४६ मिनिटांचं काम आहे. इथवर शिदोरी बांधून बसता येतं, पुढे नाही. कारण एकेका साइटच्या पोटात शेकडो पानं होती आणि खरी मोजणी पानांची होती. जून २००० मध्ये गूगलने आपल्या सूचीत एक अब्ज पत्ते आल्याचं जाहीर केलं. सेकंदाला एक धरून ३१ वर्षं आणि ८ महिने. जुलै २००८ मध्ये त्याच कंपनीने सांगितलं, की आमच्या यंत्रांना वेबवर आता एक लाख कोटी वेगवेगळे पत्ते दिसलेत.

एक लाख कोटी म्हणजे एकावर बारा शून्यं. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त संख्यांची जी उतरंड आहे, तिच्यात या स्थानाला महापद्म म्हटलंय. पूर्वी शाळेत एकं, दहं, शतं घोकताना ही नावं पोरं तोंडपाठ म्हणत, पण महापद्माशी व्यवहार कुणाचा पडत नसे. आपल्या वेगाने महापद्म मोजायला ३१,७०० वर्षं लागतात. म्हणजे आज संपवायची असेल तर ही मोजणी अशा काळात सुरू करायला हवी होती, जेव्हा माणसाला शेती माहीत व्हायलाही वीसेक हजार वर्षं बाकी होती.

आणि गंमत अशी, की या आकड्यालाही खरा अंत नाही, हे गूगलच्या अभियंत्यांनी तेव्हाच कबूल केलं होतं. एखाद्या साइटवर दिनदर्शिका असते, तिच्यावर ‘पुढचा दिवस’ अशी कळ असते. यंत्र ती दाबतं, नवं पान मिळतं. त्यावर पुन्हा तीच कळ. असं करत ते सन ५००० च्या पलीकडेही जाऊ शकतं. तेव्हा ‘वेब किती मोठं?’ या प्रश्नाचं उत्तर ‘तुम्ही कुठे थांबलात?’ यावर ठरतं.

शोधण्याची साधनं मात्र वेबच्याही आधीची आहेत. १९९० मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात ॲलन एमटाज या बार्बाडोसहून आलेल्या विद्यार्थ्याने ‘आर्ची’ बनवलं. कोणत्या संगणकावर कोणत्या नावाची फाइल आहे, एवढंच ते सांगायचं. फाइलीत काय लिहिलंय याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. डिसेंबर १९९३ मध्ये स्कॉटलंडच्या स्टर्लिंग विद्यापीठात जोनाथन फ्लेचरने ‘जंपस्टेशन’ सुरू केलं. पानं शोधत फिरायचं, त्यांची सूची करायची आणि विचारेल त्याला ती चाळून द्यायची, ही आजच्या सर्च इंजिनाची तिन्ही कामं पहिल्यांदा एका ठिकाणी आली ती इथे. वर्षभराच्या आत त्याच्या यादीत पावणेतीन लाख नोंदी झाल्या. यंत्र मात्र तोकडं असल्यामुळे पानाचं शीर्षक आणि मथळे एवढंच साठवलं जाई. विद्यापीठाकडून पैसे मिळाले नाहीत आणि १९९४ संपायच्या आत जगातलं पहिलं सर्च इंजिन बंद पडलं. फ्लेचरचं नाव आज किती जणांना माहीत आहे? पहिल्यांदा करणारा विसरला जातो, हा जगाचा नियम शोधयंत्रांनाही चुकलेला नाही.

१९९४ च्या वसंतात ‘वर्ल्ड वाइड वेब वर्म’ नावाच्या दुसऱ्या एका साधनाकडे एक लाख दहा हजार पानांची सूची होती आणि दिवसाला साधारण १,५०० प्रश्न येत. हा १,५०० चा आकडा लक्षात ठेवा. एप्रिल १९९४ मध्ये सिॲटलला ब्रायन पिंकर्टनचं ‘वेबक्रॉलर’ आलं आणि ते पानावरचा प्रत्येक शब्द सूचीत घेऊ लागलं. त्याला दहा लाखावा प्रश्न विचारला गेला १४ नोव्हेंबरला, जवळजवळ सात महिन्यांनी. तो प्रश्न अण्वस्त्रांच्या रचनेबद्दल होता, म्हणजे माणसं सुरुवातीपासूनच नको ते विचारतायत. जुलैत ‘लायकॉस’ ५४ हजार पानं घेऊन उतरलं आणि महिनाभरात ३ लाख ९४ हजारांवर गेलं. १५ डिसेंबर १९९५ ला ‘अल्टाव्हिस्टा’ने दार उघडलं तेव्हा त्याच्या पोटात १ कोटी ६० लाख पानं होती. पहिल्या दिवशी तीन लाख लोक टकटक करून गेले.

आता आजचा आकडा. गूगलने २०२५ मध्ये सांगितल्याप्रमाणे त्यांच्याकडे वर्षाला पाच लाख कोटींहून जास्त शोध घेतले जातात. दिवसाचे झाले १,३७० कोटी, सेकंदाचे एक लाख ५८ हजार. वेबक्रॉलरला सात महिन्यांत जेवढे प्रश्न आले तेवढे आता सव्वासहा सेकंदांत येतात. आणि तो १,५०० चा आकडा? त्या वर्मने अख्खा दिवस खर्ची घालून जेवढी उत्तरं दिली, तेवढे प्रश्न आता सेकंदाच्या शंभराव्या भागात उरकतात. पापणी लवायलाही याच्या दसपट वेळ लागतो.

या धांदलीत आपण कुठे होतो? इथे तारखा जरा उलट्यासुलट्या आहेत. विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं १५ ऑगस्ट १९९५ रोजी. मुंबईच्या राजेश जैन यांचं ‘इंडियावर्ल्ड’ मात्र मार्च १९९५ मध्येच वेबवर आलेलं होतं. देशात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळायच्या पाच महिने आधी मुंबईत बसून परदेशातल्या भारतीयांसाठी बातम्या आणि माहिती पुरवायचा धंदा! पुढे त्याला फांद्या फुटल्या : बातम्यांना ‘समाचार’, क्रिकेटला ‘खेल’, स्वयंपाकाला ‘बावर्ची’ आणि भारतीय साइट शोधून देणारं ‘खोज’. नोव्हेंबर १९९९ मध्ये सत्यम इन्फोवेने हा सगळा पसारा ४९९ कोटी रुपयांना घ्यायचं ठरवलं. सेकंदाला एक रुपया मोजत गेलं तर ते मोजायला १५८ वर्षं लागतात. तेव्हाच्या वर्तमानपत्रांत तो आकडा पाहून लोकांनी वेबसाइट म्हणजे नक्की काय असतं याची चौकशी सुरू केली, असं म्हणायला हरकत नाही.

१९९५ च्या त्या जोडणीचा वेग होता सेकंदाला ९,६०० बिट, म्हणजे १,२०० बाइट. साध्या ग्राहकाला २५० तासांसाठी ५,००० रुपये, व्यावसायिकांना त्याहून जास्त, फोनचं बिल वेगळं. सोय आधी महानगरांत आली. महागावहून मुंबई सहाशे किलोमीटरच्या वर. तिथून जोडून घ्यायचं म्हणजे आधी एसटीडी लावा, मग मोडेमची किरकिर ऐका, मग लाइन तुटली की पुन्हा पहिल्यापासून. आज महागावातल्या एखाद्या पोराच्या मोबाइलमध्ये रोज दीड जीबीचं रिचार्ज असतं आणि रात्री आठच्या आत ते संपलं म्हणून तो कुरकुरतो. तेवढा दीड जीबी १९९५ च्या तारेवरून उतरवायला सलग ३४७ तास लागले असते. साडेचौदा दिवस आणि साडेचौदा रात्री. पाच हजारांचं एक पाकीट संपून दुसरं फोडावं लागलं असतं.

याहून मजेदार हिशेब गूगलचा निघतो. १९९८ च्या एप्रिलमध्ये सर्गे ब्रिन आणि लॅरी पेज या दोन विद्यार्थ्यांनी आपल्या प्रयोगावरचा निबंध ब्रिस्बेनच्या परिषदेत मांडला. त्यात त्यांनी सगळा जमाखर्च उघड दिला आहे. आणलेली पानं २ कोटी ४० लाख. त्या पानांचा एकूण मजकूर १४७.८ जीबी, दाबून बसवल्यावर ५३.५ जीबी. नुसते दिसलेले पत्ते ७ कोटी ६५ लाख. गेल्यावर ‘पान सापडत नाही’ असं उत्तर मिळालेले पत्ते १६ लाख. शब्दकोशात १ कोटी ४० लाख शब्द, आणि ते सगळे २९३ एमबीत. अलीकडचं ८४ दिवसांचं, रोज दोन जीबीचं रिचार्ज घेतलं तर त्यात १६८ जीबी येतात. म्हणजे ज्या साठ्यावर गूगल उभं राहिलं तो अख्खा साठा एका रिचार्जमध्ये उतरवून वर वीस जीबी गाण्यांना उरतात. दाबलेला साठा तर २८ दिवसांच्या रिचार्जमध्येही मावतो. न दाबलेला अख्खा माल १,२०० बाइटच्या तारेवरून आणायचा तर जवळजवळ चार वर्षं लागली असती आणि पाच हजारांची १३७ पाकिटं, एकूण ६ लाख ८५ हजार रुपये.

त्या निबंधात आकड्यांपेक्षा बारकावे वाचण्यासारखे आहेत. यंत्र सेकंदाला सरासरी ४८.५ पानं आणत होतं. साइटवाल्यांना हा प्रकार नवा होता. आपल्या साइटची इतकी पानं कुणीतरी एका दमात वाचली, हे नोंदवहीत बघून काही जण ईमेल करून विचारायचे, की बाबा, एवढं वाचलंस तर आवडलं का? दुसरी नोंद आणखी बोचरी आहे. नोव्हेंबर १९९७ मध्ये बाजारातल्या चार बड्या सर्च इंजिनांना त्यांचंच नाव घालून विचारलं, तर पहिल्या दहा उत्तरांत स्वतःला शोधू शकणारं एकच निघालं. बाकी तिघांना आपलं घर सापडत नव्हतं. याच निबंधात भाकीत होतं, की २००० पर्यंत सूची अब्जावर जाईल. गेली, त्याच वर्षीच्या जूनमध्ये, गूगलचीच.

गूगलची क्लृप्ती होती बोटं मोजण्याची. एका पानावरून दुसऱ्या पानाकडे जाणारा दुवा म्हणजे एक बोट. ज्याच्याकडे जास्त बोटं, ते वर. आणि बोट दाखवणारं पान स्वतः वजनदार असेल तर त्याच्या एका बोटाला जास्त किंमत. हे त्यांनी ५१ कोटी ८० लाख दुव्यांच्या नकाशावर चालवून पाहिलं.

याच सुमारास ब्लॉग आले आणि या बोटांचा पूर आला. १९९९ च्या सुरुवातीला जेसी जेम्स गॅरेटकडे माहितीतल्या ब्लॉगची यादी होती, त्यात २३ नावं होती. तेवीस! ऑगस्ट १९९९ मध्ये पायरा लॅब्ज या छोट्या कंपनीने ‘ब्लॉगर’ काढलं. तोवर स्वतःचं पान करायचं म्हणजे एचटीएमएल लिहा, फाइल चढवा, जुनं खाली ढकला. ब्लॉगरने एक चौकट आणि एक बटण दिलं. २००३ च्या फेब्रुवारीत गूगलने ते विकत घेतलं, त्याच वर्षीच्या मे महिन्यात वर्डप्रेस आलं. ब्लॉगांवर नजर ठेवणाऱ्या ‘टेक्नोराती’ने जुलै २००६ मध्ये पाच कोटी मोजले, एप्रिल २००७ मध्ये सात कोटी. रोज १ लाख २० हजार नवे ब्लॉग जन्माला येत होते. म्हणजे १९९९ ची ती अख्खी तेवीस घरांची वस्ती आता दर साडेसोळा सेकंदांनी नव्याने वसत होती.

शोधयंत्रांची यात पंचाईत झाली. वेब धुंडाळून यायला त्यांना दिवस लागायचे, आणि ब्लॉगवरचं लिखाण तर सकाळचं संध्याकाळी शिळं. उपाय निघाला तो उलट्या दिशेचा. यंत्राने दारोदार फिरण्याऐवजी ब्लॉगनेच नवं काही लिहिलं की एका ठरलेल्या ठिकाणी घंटी वाजवायची. त्याला ‘पिंग’ म्हणत. शिवाय मजकुराची एक सुटसुटीत प्रत आरएसएस नावाच्या ठरावीक साच्यात ठेवायची, ती यंत्राला झटकन वाचता येते. आज बातमी फुटल्यावर मिनिटभरात शोधात दिसते, त्याची तालीम इथे झाली.

या तालमीत मुंबईही होती, हे फारसं कुणी सांगत नाही. इंडियावर्ल्ड विकल्यावर राजेश जैन स्वतः ब्लॉग लिहू लागले आणि त्यांच्या नेटकोर कंपनीतून २००२ मध्ये ‘ब्लॉगस्ट्रीट’ निघालं. प्रत्येक ब्लॉगच्या कडेला ‘आम्ही हे वाचतो’ अशी एक यादी असायची. ब्लॉगस्ट्रीट या याद्या गोळा करी आणि कोणते ब्लॉग वारंवार एकाच यादीत येतात ते बघून त्यांचे ‘शेजारी’ ठरवी. शब्द न वाचता नुसत्या याद्यांवरून कोण कोणाच्या पंगतीत बसतो हे सांगायची ही युक्ती मला फार आवडते. कोणत्या भाषेत लिहिलंय हे कळायचीही गरज नाही. टेक्नोरातीचं नाव झालं, ब्लॉगस्ट्रीट विस्मरणात गेलं.

भाषेचा विषय निघालाच आहे. २००६ च्या अखेरीस टेक्नोरातीने ब्लॉगांवरच्या लिखाणाची भाषावार वाटणी केली. जपानी ३७ टक्के, इंग्रजी ३६, चिनी ८. दहाव्या क्रमांकावर फारसी, एक टक्का. पहिल्या दहांत एकही भारतीय भाषा नाही. मराठी माणसं वेबवर नव्हती असं मुळीच नाही. अमेरिकेतून सुरू झालेली ‘मायबोली’ १९९६ च्या गणेश चतुर्थीची आहे, गूगल कंपनीपेक्षा दोन वर्षांनी थोरली. वृत्तपत्रांच्या साइट होत्या, दिवाळी अंक चढत होते. मजकूर होता, वाचकही होते. फक्त तो यंत्राला दिसत नव्हता.

वर दिलेल्या अब्जांच्या आणि महापद्मांच्या आकड्यांपेक्षा मला हीच गोष्ट जास्त चक्रावून टाकते. त्या काळी मराठी साइट आपापला फाँट वापरत. पडद्यावर ‘म’ दिसे, पण फाइलीत त्या जागी कुठलंतरी रोमन अक्षर किंवा चिन्ह असे. फाँट त्यावर ‘म’चा मुखवटा चढवी. दुसऱ्या साइटचा फाँट वेगळा, त्याचा मुखवटाही वेगळा. फाँट नसेल तर वाचकाला नुसत्या तिरक्या रेघा, टिंबं आणि उलटी प्रश्नचिन्हं दिसत. सायबर कॅफेत बसलेल्या त्या पिढीला तो गिचमिडा आठवत असेल. सर्च इंजिन मुखवटा बघत नाही, फाइल बघतं. त्याच्या लेखी पाच वृत्तपत्रांतलं ‘महागाव’ म्हणजे पाच वेगवेगळे निरर्थक शब्द. जगाच्या मोजणीत ते पान एक म्हणून धरलं गेलं, पण त्या पानावर काय आहे ते विचारूनही कुणाला मिळालं नसतं. मोजदादीत आपण होतो, सूचीत नव्हतो.

यावरचा इलाज ऑक्टोबर १९९१ मध्येच तयार होता, त्या १३० साइटच्याही आधी. युनिकोड म्हणजे जगातल्या प्रत्येक लिपीच्या प्रत्येक खुणेला एक कायमचा क्रमांक. एकूण जागा ११ लाख १४ हजार ११२. देवनागरीच्या मूळ गटाला त्यातल्या १२८. मराठी, हिंदी, नेपाळी, संस्कृत, कोकणी सगळे या १२८ घरांच्या चाळीत. पण क्रमांक कागदावर असून भागत नाही, संगणकाला तो समजावा लागतो आणि अक्षर नीट काढता यावं लागतं. ते विंडोज २००० पासून सुरू झालं. तिच्यातला ‘मंगल’ हा देवनागरी फाँट काढला होता र. कृ. जोशी यांनी, मुंबईत. त्यानंतरच्या विंडोज एक्सपीत देवनागरी हवी तर सीडी घालून वेगळी बसवावी लागे. गावोगावच्या संगणकांवर ती सीडी बहुधा नसेच. म्हणून १९९१ चा इलाज लोकांच्या हाती यायला २००४-०५ उजाडलं.

आता ‘महागाव’ हा शब्द जवळून बघू. म, ह, काना, ग, काना, व : सहा खुणा. साठवताना देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात, म्हणून अठरा बाइट. रोमन लिपीत हेच नाव आठ अक्षरांत आणि आठच बाइटांत. १९९५ ची तार सेकंदाला चारशेच देवनागरी खुणा वाहू शकली असती. आणि हा शब्द वेबपत्त्यात आला की आणखी फुगतो. पहिला ‘म’ होतो ‘%ई०%ए४%एई’. एका खुणेची नऊ चिन्हं, सहांची चोपन्न. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी मराठी विकिपीडियाचा दुवा पाठवला की त्याला टक्क्यांची जी लांबलचक शेपटी येते, ती हीच.

एवढ्याने भागत नाही. जुन्या पाट्यांवर आणि नकाशांवर ‘महागांव’ असतं. अनुस्वार वाढला, बाइट २१ झाले, यंत्रापुढे शब्द वेगळा. मग आपल्या विभक्ती. गावाला, गावाने, गावात, गावाहून, गावचा, गावची, गावच्या, गावाकडे, गावापासून, गावापर्यंत, त्याचं अनेकवचन, त्यावर ‘च’ आणि ‘ही’. एका ‘गाव’ शब्दाची रूपं सहज शंभरावर जातात. इंग्रजीत ती चार. ‘महागाव बातमी’ असं विचारणाऱ्याला ‘महागावातल्याही’ असं लिहिलेलं पान सापडायचं तर यंत्राला हे सगळे डगले उतरवून आतला शब्द काढता यायला हवा. मुंबईच्या आयआयटीत पुष्पक भट्टाचार्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर वर्षानुवर्षं डोकं चालवलं. आणि ॲ! ‘ॲप’मधलं हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्र खूण म्हणून आलं ते २००८ मध्ये. त्याआधी लोक ‘अ’ला चंद्र जोडत किंवा ‘ऍ’ लिहीत. तिन्ही डोळ्यांना जवळजवळ सारखी, यंत्राला तीन निराळी. अजूनही तिन्ही चालू आहेत. या लेखातही दोन आली असतील.

शब्द जुळला तरी प्रश्न उरतोच, की कोणतं महागाव? यवतमाळ जिल्ह्याच्या सोळा तालुक्यांपैकी एकाचं ठाणं असलेलं आपलं महागाव. दुसरं कोल्हापूरकडे, गडहिंग्लज तालुक्यात. तिसरं मावळात, चौथं गडचिरोलीच्या अहेरी तालुक्यात. नुसती बोटं मोजली तर ज्या महागावात कॉलेज आहे, ज्याच्याबद्दल जास्त लोकांनी लिहिलंय, ते वर चढणार. म्हणून आता यंत्र विचारणारा कुठून विचारतोय हेही बघतं. यवतमाळचं तर जिल्ह्यालाच इंग्रजीत दोन स्पेलिंगं. इंग्रज अमदानीतल्या कागदांत वाय-ई-ओ, आताच्या कागदांत वाय-ए-व्ही. जुन्या गॅझेटिअरमधला मजकूर हवा असेल तर जुनंच स्पेलिंग टाकावं लागतं.

गेल्या दहा वर्षांत मात्र लिपीलाच वळसा घालणारी वाट निघाली, ती म्हणजे व्हिडिओ. यूट्यूबवर मिनिटाला ५०० तासांचं चित्रण चढतं, असा २०१९ चा आकडा आहे. एका दिवसात चढलेलं बघायचं तर न झोपता ८२ वर्षं. त्या ढिगाऱ्यातून महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीच्या एका तरुण वेल्डरने हेलिकॉप्टर कसं बनतं ते शोधून काढलं. शिक्षण आठवीपर्यंतचं. दोन वर्षं खपून त्याने एक आसनी यंत्र उभं केलं. ऑगस्ट २०२१ मध्ये चाचणी घेताना पातं तुटलं आणि त्यात त्याचा जीव गेला. देशभरच्या वर्तमानपत्रांत फुलसावंगीचं नाव तेव्हा आलं. पुस्तक, शिक्षक, प्रयोगशाळा यांतलं काही नसताना त्याला हवं ते मिळालं होतं. सुरक्षेची चाचणी कशी घेतात हे दाखवणारं कोणी मात्र शेजारी नव्हतं.

२०११ च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. माणसांच्या हिशेबात जगाचा शंभरावा हिस्सा म्हणा. वेबसाइटच्या हिशेबात मराठीचा वाटा एक टक्क्याच्या दहाव्या भागालाही पोचत नाही. इंग्रजीचा निम्म्याच्या आसपास आहे. इंग्रजी विकिपीडियाचे लेख ७० लाखांवर गेले, १ मे २००३ ला सुरू झालेल्या मराठीचे लाखाच्या आसपास आहेत. बोलणारे पुष्कळ आणि लिहिलेलं थोडं, हे गणित शोधयंत्राला नेहमी अडवतं, कारण ते लिहिलेलंच वाढू शकतं.

तरी विचारणारे थांबत नाहीत. गूगल म्हणतं, रोजच्या शोधांपैकी १५ टक्के असे असतात जे त्यांच्याकडे याआधी कधीच आलेले नव्हते. १,३७० कोटींचे १५ टक्के म्हणजे २०५ कोटी कोरे करकरीत प्रश्न, दररोज. महागावजवळच्या गुंजच्या किंवा हिवऱ्याच्या शिवारात कुणी मोबाइल तोंडाशी धरून ‘पऱ्हाटीची पानं लाल पडली त काय मारू’ असं वऱ्हाडीत विचारलं, तर तो बहुधा त्या २०५ कोटींतलाच एक असतो. यंत्राला आधी आवाजाची अक्षरं करावी लागतात, पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं झाड हे ओळखावं लागतं, ‘मारू’चा अर्थ फवारणीचा आहे हे ताडावं लागतं, फोन यवतमाळ जिल्ह्यात आहे हे बघावं लागतं, आणि मग त्या तुटपुंज्या मराठी पानांतून काही सापडतं का ते चाळावं लागतं. याला अर्धा सेकंद धरा. तेवढ्यात जगात इतरांचे आणखी ७९ हजार प्रश्न येऊन गेलेले असतात.